नवा ४५ हजारांचा की जुना साडेएकोणीस हजारांचा?

प्रश्न : मी अमळनेरला राहते. घरूनच लग्नपत्रिका आणि बॅनरचं डिझाइन करते, शिवाय तीन दुकानदारांची टॅली सांभाळते. महिन्याला १५ हजार सुटतात, लग्नसराईत २२ हजारांपर्यंत जातात. यजमानांची पाच एकर कपाशी आहे. घरखर्च २४ हजार. खात्यात ३८ हजार आहेत आणि ७० हजारांची एफडी आहे. कॉम्प्युटर २०१५ चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. कोरल आणि फोटोशॉप सोबत उघडले की अडकतो. मागच्या लग्नसराईत आठवड्याला तीन-चार कामं परत पाठवली, एकेक साडेतीनशे-चारशेचं. इथला टेक्निशियन ६,५०० मध्ये रॅम आणि एसएसडी टाकून देतो म्हणतो. जळगावच्या दुकानाचं नव्या मशीनचं कोटेशन ४५,२०० चं आहे. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ग्राफिक्स कार्डासह ९२ हजारांची यादी काढली आहे, बारा हप्त्यांच्या 'नो कॉस्ट' ईएमआयवर. यजमानांचे एक मित्र म्हणतात की कंपन्यांनी काढून टाकलेले आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचे डेस्कटॉप, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसह, १९,५०० ला मिळतात. पण जुनं ते जुनंच ना?

उत्तर : ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जो पर्याय जवळपास झटकून टाकला आहे, माझं मत त्यालाच आहे. साडेएकोणीस हजारांचा तो जुना डेस्कटॉप नीट तपासून, पक्क्या बिलावर, पत्रिकांची कामं अंगावर यायच्या आत घ्या. एफडी मोडू नका आणि हप्ता तर मुळीच करू नका. कारणं जरा सविस्तर देतो, कारण घरात तुम्हाला ती मुलाला सांगावी लागतील.

आधी पैशाचं. तुम्ही परत पाठवलेली कामं महिन्याला साधारण पाच हजारांची होतात. ती सगळीच उद्या परत येतील असं मी धरत नाही. निम्मी धरतो, म्हणजे अडीच हजार. फेब्रुवारी ते मे चार महिने आणि तुळशीच्या लग्नानंतरचे दोन, असे वर्षात सहा महिने कामाची गर्दी. म्हणजे चांगल्या मशीनमुळे वर्षाला १५ हजार जास्तीचे येतील. आता हेच १५ हजार तिन्ही किमतींसमोर ठेवून बघा. साडेएकोणीस हजार पुढच्या लग्नसराईपर्यंत वसूल होतात. ४५ हजारांना तीन वर्षं लागतात. ९२ हजारांना सहा, आणि त्यात अजून ईएमआयचे छुपे खर्च धरलेलेच नाहीत. गिऱ्हाईक बॅनरचे चारशे देतं ते चारशेच देणार. तुमच्या डब्यात ग्राफिक्स कार्ड आहे म्हणून साडेचारशे कोणी देत नाही.

दुसरी बाजू तुमच्या गंगाजळीची. ७० हजारांची एफडी म्हणजे तुमच्या घराचा जेमतेम तीन महिन्यांचा खर्च. कोरडवाहू कपाशीच्या घरात याहून कमी राखीव मी कोणालाही सांगणार नाही. उरले खात्यातले ३८ हजार. मे-जूनला बियाणं, खत आणि मुलाची फी एकाच वेळी उभी राहते. ४५ हजारांचं मशीन घेतलंत तर खातं रिकामं होऊन एफडीला हात लागणार; १९,५०० चं घेतलंत तर साडेअठरा हजार शिल्लक राहतात आणि लग्नसराईचे पैसे वरून येत राहतात.

तुम्ही अमळनेरच्या, म्हणून एक आठवण करून देतो. आजची विप्रो १९४५ साली तुमच्याच गावात वनस्पती तुपाच्या धंद्यातून उभी राहिली, आणि तिचे शेअर जुन्या काळी घेऊन विसरलेल्या घरांच्या गोष्टी तुम्ही ऐकलेल्या असणार. ती वस्तू ठेवून वाढणारी होती. कॉम्प्युटर दुकानाबाहेर पडला की त्याची किंमत उतरायला लागते, मग तो कितीही भारी असो. म्हणून त्यात 'गुंतवणूक' हा शब्द मी वापरत नाही. ते अवजार आहे, आणि अवजारावर त्याच्या कमाईच्या मापाने खर्च करायचा.

आता पर्याय एकेक. टेक्निशियनचा ६,५०० चा सल्ला ऐकायला सर्वांत स्वस्त वाटतो, आणि पाच वर्षांपूर्वी मीही तोच दिला असता. एसएसडी टाकली की जुनं मशीन खरंच उठून बसतं. साधी हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. अडचण रॅमची आहे. चौथ्या पिढीच्या तुमच्या मदरबोर्डाला डीडीआर-थ्री या जुन्या प्रकारची रॅम लागते. ती डीडीआर-फोरच्या किंवा डीडीआर-फाइव्हच्या बोर्डात बसतच नाही, खाचच वेगळी असते. म्हणजे आज त्या रॅमला दिलेले पैसे बोर्डाबरोबर भंगारात जाणार. शिवाय विंडोज ११ ला आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत, टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपची अटही आहे. विंडोज १० चं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारी मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. तुमच्या मशीनवर तीन दुकानदारांचे हिशेब आहेत, बहुधा जीएसटी पोर्टलचे पासवर्डही आहेत. अपडेट नसलेल्या मशीनवर दुसऱ्याचा माल ठेवणं मला पटत नाही. साडेसहा हजार घालून ती मुदत संपल्यावर पुन्हा याच प्रश्नाशी यायचं असेल तर उपयोग काय?

पार्ट घेताना माझा एकच निकष आहे आणि तो तुम्हाला पुढेही कामाला येईल. हा पार्ट पुढच्या मशीनमध्ये घेऊन जाता येईल का? मॉनिटर, एसएसडी, चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग), साध्या मापाचं कॅबिनेट, यूपीएस हे एका मशीनमधून दुसऱ्यात जातात. त्यावर थोडा जास्त पैसा गेला तरी तो बुडत नाही. जुन्या बोर्डाची रॅम आणि जुन्या सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या जुन्या खाचेचा, प्रोसेसर जात नाहीत.

जळगावचं कोटेशन मी ओळ न् ओळ वाचलं. दुकानदार लबाड नाही. रायझन ५ ५६००जी, ए५२० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार) ही जोडणी तुमच्या कामाला उत्तम चालेल. प्रश्न किमतीच्या वेळेचा आहे. त्यात १६ जीबी रॅम ११,२०० ला लावली आहे. २०२५ च्या सुरुवातीला एवढीच डीडीआर-फोर रॅम साधारण तीन-साडेतीन हजारांत मिळत होती. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घ्यायला सुरुवात केली, मोठे कारखाने तिकडे वळले, आणि २०२५ च्या अखेरीस किरकोळ बाजारात रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव उतरतील म्हणून थांबा असं मी म्हणत नाही, कापसाचा भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवण्याइतकाच तो जुगार आहे. मी एवढंच म्हणतो की आज नवीन मशीन घेणारा माणूस रॅमच्या एका कांडीसाठी सात-आठ हजार जास्त मोजतो, आणि कंपनीतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये तीच १६ जीबी डीडीआर-फोर रॅम साडेएकोणीस हजारांच्या पोटात येते आहे.

इथेच तो निकष लावून बघा. 'टॉवर' आकाराच्या जुन्या मशीनमध्ये डेस्कटॉपची पूर्ण लांबीची रॅम असते. दोन-तीन वर्षांनी त्याचा बोर्ड गेला तर ती रॅम आणि एसएसडी काढून नव्या डीडीआर-फोर बोर्डावर लावता येते. पण पुस्तकाएवढा छोटा डबा घेतला तर त्यात लॅपटॉपची आखूड रॅम असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. म्हणून टॉवरच मागा. चारशे-पाचशे जास्त द्यावे लागले तरी द्या.

'जुनं ते जुनंच' ही तुमची धास्ती खोटी नाही. ब्रँडेड मशीनचा बोर्ड आणि एसएमपीएस बऱ्याचदा त्या कंपनीच्याच मापाचा असतो, बाजारातला सहज बसत नाही. वॉरंटी कंपनीची नसते, विकणाऱ्याची असते. म्हणूनच मी हे मशीन दहा वर्षांचं धरत नाही, तीन वर्षांचं धरतो. ते पुढच्या लग्नसराईत फिटतं, त्यापुढचे दिवस निव्वळ फायद्याचे.

घ्यायला जाल तेव्हा काय बघायचं? सगळ्यात आधी, तुमची सर्वांत जड कोरलची फाइल पेनड्राइव्हवर सोबत न्या. दुकानात बसून फोटोशॉप, टॅली आणि ती फाइल सोबत उघडायला लावा आणि अर्धा तास काम करून बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. जळगावच्या गोलाणी मार्केटात दुकानांची कमी नाही. प्रोसेसरचा आकडा स्वतः वाचा. ८५०० असेल तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. ६५०० किंवा ७५०० निघाला तर निघून या, विंडोज ११ चा प्रश्न पुन्हा दारात उभा राहील. स्टिकरवर आय-फाइव्ह लिहिलेलं असतं ते पुरेसं नाही. रॅम खरोखर १६ दिसते का आणि किती कांड्यांची आहे ते टास्क मॅनेजरमध्ये बघा. सेटिंगमध्ये विंडोज 'ॲक्टिव्हेटेड' दाखवते का ते बघा. कंपन्यांच्या मशीनमध्ये परवान्याची किल्ली बहुधा बोर्डातच असते, आणि ही तुमची मोठी बचत आहे. नव्या मशीनच्या कोटेशनमध्ये खाली 'विंडोज फ्री' लिहिलं आहे ना, ते फ्री नसतं, क्रॅक केलेलं असतं. त्यात बऱ्याचदा अँटीव्हायरस बंद करून ठेवलेला असतो. खरा परवाना घ्यायचा तर त्या ४५,२०० वर आणखी काही हजार चढतात. एसएसडीची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, तेही लावून बघायला सांगा. बिलावर मशीनचा सिरियल नंबर आणि एक वर्षाची वॉरंटी लिहून घ्या. तोंडी वॉरंटी दुकानाच्या शटरपर्यंतच टिकते.

तपासून एकही मशीन मनाला पटलं नाही, असं होऊ शकतं. मग नव्या मशीनकडे वळा, पण याच कोटेशनला कात्री लावून. ६,९०० चा मॉनिटर आत्ता नको, तुमचा चालू आहे. त्याला फक्त जुनी व्हीजीए जोडणी असेल आणि नव्या बोर्डाला एचडीएमआय, तर काहीशे रुपयांचा कन्व्हर्टर लागेल. कीबोर्ड-माउसचे ९०० काढा. कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणारा एसएमपीएस मात्र घेऊ नका. त्यावर ५०० वॅट छापलेलं असतं, तेवढे तो देईलच असं नाही, आणि जाताना तो बोर्ड घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ही कमी वीज वाया घालवण्याची खूण असलेला ४५० वॅटचा घ्या. रॅम ८-८ च्या दोन कांड्यांऐवजी १६ ची एकच घ्या, कारण स्वस्त बोर्डाला खाचा दोनच असतात आणि दोन्ही भरल्या तर उद्या वाढवताना आजची काढून टाकावी लागते. एका कांडीने आतलं ग्राफिक्स थोडं मंद होतं, मुलगा हे लगेच सांगेल आणि तो बरोबर असेल. फरक त्याच्या गेमला पडेल, तुमच्या पत्रिकेला आणि टॅलीला जाणवण्याजोगा नाही. प्रोसेसर कंपनीच्या सीलबंद डब्यातला घ्या, 'ट्रे'मधला सुटा स्वस्त पडतो पण कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला नसते.

आणि 'एएम-फोर (कोटेशनमधल्या रायझनचा सॉकेट) आता जुना झाला, एएम-फाइव्ह घ्या, पुढे अपग्रेड करता येईल' असं कोणी म्हणालं तर आठवा, २०१५ पासून तुम्ही एकदाही प्रोसेसर बदललेला नाही. एएम-फाइव्हला डीडीआर-फाइव्हच लागते आणि ती आणखी महाग. न वापरणाऱ्या सोयीचे पैसे का भरायचे?

दुकानदार 'कच्च्यात घ्या, १८ टक्के वाचतील' म्हणेल. कॉम्प्युटरवर जीएसटी १८ टक्के आहे आणि तुम्ही नोंदणीकृत नसल्यामुळे तो तुम्हाला परत मिळत नाही, हे खरं. तरी घेऊ नका. बिल नाही तर वॉरंटीही नाही. 'मार्चच्या आत घ्या, टॅक्स वाचेल' हेही कानावर येईल. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा, म्हणजे उतरणाऱ्या किमतीची नफ्यातून वजावट, मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर निम्मा. पण तो हिशेबाची वही ठेवून नफा दाखवणाऱ्यांना. तुमचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आसपास, आणि नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही. शून्यातून काय वाचवणार?

मुलाच्या यादीबद्दल मला त्याला थेट सांगायचं आहे, तेव्हा हा भाग त्याला वाचायला द्या. भाऊ, यादी अभ्यासाने काढलेली आहे, पार्ट एकमेकांना जुळतात. पण तुझ्या यादीतला प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००एफ, यातल्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ तुला माहीत आहे, आत ग्राफिक्स नाही. उद्या बजेट कापायचं म्हणून आईने फक्त कार्ड काढलं तर स्क्रीन काळीच राहील. म्हणजे ती यादी कापता येण्याजोगी नाही, घ्यायची तर सगळीच घ्यावी लागते. बीसीएला सी, जावा, पायथन, डेटाबेस लागतो. ते सगळं आतल्या ग्राफिक्सवर चालतं. एआय शिकायचं असेल तर गूगल कोलॅब आणि कॅगल या वेबसाइटींवर जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) मर्यादित तास फुकट मिळतो, सुरुवातीला तो पुरतो. गेम खेळायचे आहेत हे सरळ सांगितलंस तरी हरकत नाही, त्या वयात मलाही वाटलं असतं. फक्त तो खर्च आईच्या धंद्याच्या नावाने मांडू नकोस.

ताई, हप्त्याचा हिशेबही बघा. ९२ हजारांचे बारा हप्ते म्हणजे महिन्याला ७,६६७, तुमच्या साध्या महिन्याच्या कमाईचा निम्मा भाग. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज नसतं असं नाही. विक्रेता तेवढी सूट आधी देतो आणि बँक ते व्याज हप्त्यातून घेते. १५ टक्के दर धरला तर व्याज सात हजारांच्या आसपास जातं, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेबाराशेच्या पुढे, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूटही गेली. जूनमध्ये पेरणी आणि फी यांच्या मधोमध एखादा हप्ता चुकला तर क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी सुरू होतं.

मशीन आल्यावर दोन लहान खर्च लगेच करा. तुमच्या यूपीएसची बॅटरी गेली आहे असं तुम्ही कोटेशनच्या कागदामागे लिहिलंय. नवा यूपीएस नको, ६०० व्हीएच्या बहुतेकांना १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बसते, तीच बदला. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि वीज लपंडाव खेळते, त्यात यूपीएसशिवाय मशीन चालवणं म्हणजे एसएसडीतल्या डेटावर पाणी सोडणं. मशीन पत्र्याच्या खोलीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एकदा ब्लोअरने धूळ काढून घ्या. दुसरा खर्च टॅलीच्या बॅकअपसाठी दोन पेनड्राइव्ह. एक हाताशी, एक कपाटात कुलपाखाली.

जुनं मशीन विकायला काढू नका, त्याचे फारतर हजार-दीड हजार येतील. त्यातली ५०० जीबीची हार्डडिस्क जुन्या पत्रिकांच्या फाइली ठेवायला नव्या टॉवरमध्ये लावून घ्या, पण गिऱ्हाइकांचा चालू हिशेब दहा वर्षांच्या डिस्कवर ठेवू नका. बाकीचा सांगाडा मुलाला द्या. त्यावर लिनक्स टाकून तो शिकू शकतो, ४ जीबीतही हलकं लिनक्स चालतं. भंगारात द्यायची वेळ आलीच तर डिस्क आधी पूर्ण पुसून घ्या.

आणि लग्नसराईत जे वरचे पैसे येतील ते घरखर्चाच्या खात्यात मिसळू देऊ नका. गर्दीच्या दर महिन्याला अडीच हजार वेगळ्या खात्यात टाका. १९,५०० भरून निघाले की त्याच खात्यात पुढच्या मशीनची भर सुरू ठेवा. तेव्हा रॅमचा भाव काय असेल तो असो, तुम्हाला हप्त्याचा विचार करावा लागणार नाही.